घरची डीव्हीडी एडिटिंगला घेताना: मेकएमकेव्ही आणि त्याचे फुकट सोबती

निकाल आधी सांगून टाकू. घरच्या डीव्हीडीवरचं चित्रण एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणायचं असेल तर सगळ्यात आधी मेकएमकेव्ही बसवा, ते डिस्कवरचं चित्रण न बदलता फाईलमध्ये काढतं. त्याचा ब्लू-रेचा भाग पैसे मागतो, डीव्हीडीचा भाग फुकट आहे, आणि आपल्या कामाचा तेवढाच. हँडब्रेक (चित्रण नव्याने दाबून, म्हणजे एन्कोड करून देणारं सॉफ्टवेअर) बहुतेकांना ठाऊक असतं, पण ते नको त्या टप्प्यावर आणि नको त्या सेटिंगवर वापरलं जातं. शटर एन्कोडर (फाईल एडिटरला चालेल अशा प्रकारात बदलणारं) गरज पडेल तेव्हाच. जुन्या लॅपटॉपवर एडिटिंगला शॉटकट पुरेसं आहे. चारही मिळून एक रुपया लागत नाही. खर्च होतो तो चांगल्या ड्राइव्हवर आणि हार्डडिस्कमधल्या जागेवर.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढायला हवा. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे फोटो स्टुडिओंच्या दारावर ‘डीव्हीडी डिजिटल करून मिळेल’ अशी पाटी दिसते. डीव्हीडी डिजिटलच असते. व्हीएचएस कॅसेटसारखं तिचं काही ‘कन्व्हर्ट’ करायचं नसतं. आत एमपेग-२ची (डीव्हीडीच्या ठरलेल्या पद्धतीने दाबलेल्या चित्राची) फाईल तयार बसलेली आहे, ती न मोडता बाहेर काढायची, इतकंच काम. जो प्रत्येक टप्प्यावर ‘कन्व्हर्ट’ करत सुटतो तो प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं चित्र घालवतो. पुढचं सगळं परीक्षण याच कसोटीवर केलंय.

आधी डिस्क ओळखा

सीमाभागातल्या घरांतल्या कपाटात ‘डीव्हीडी’ म्हणून जे निघतं त्यात चार वेगळ्या जाती असतात. पाकिटावर कानडीत ‘मदुवे’ लिहिलेलं असो की मराठीत ‘शुभविवाह’, त्यावरून काही कळत नाही. डिस्क कॉम्प्युटरला लावा आणि आत कोणता फोल्डर आहे ते बघा.

‘व्हिडिओ-टीएस’ नावाचा फोल्डर असेल तर ती सरळ डीव्हीडी-व्हिडिओ. लग्नाच्या मिक्सिंग केलेल्या बहुतेक डिस्क याच. ‘डीव्हीडी-आरटीएव्ही’ फोल्डर आणि त्यात एकच मोठी व्हीआरओ फाईल असेल तर ती घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा हँडीकॅमवर ‘व्हीआर मोड’मध्ये रेकॉर्ड झालेली आहे. मेकएमकेव्ही इथे उपयोगाचं नाही. ती व्हीआरओ फाईल सरळ हार्डडिस्कवर कॉपी करा. आत एमपेग प्रोग्रॅम स्ट्रीमच असते, शेवटचं नाव बदलून एमपीजी केलं की बरीच सॉफ्टवेअर ती उघडतात. डिस्कवरची सगळी रेकॉर्डिंगं मात्र त्या एकाच फाईलमध्ये सलग आलेली असतात, ती नंतर कापून वेगळी करावी लागतात.

‘एमपेगएव्ही’ फोल्डर आणि डॅट फाईल दिसली तर ती डीव्हीडी नव्हेच, व्हीसीडी आहे. चित्र फक्त ३५२ बाय २८८, बिटरेट सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट. व्हीसीडीच्या चित्राच्या सेक्टरांना (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यांना) डेटा सीडीइतकं चूक-दुरुस्तीचं कवच नसतं, त्यामुळे बारीक ओरखड्यानेही कॉपी अडते. तिला डीइंटरलेसची (कंगव्यासारख्या रेघा काढण्याची, ते पुढे येतं) गरज नाही. शॉटकट डॅट फाईल बहुतेक वेळा थेट उघडतं.

चौथी जात त्रासाची: डिस्कच्या खालच्या बाजूला जांभळट रंगात रेकॉर्ड झालेला पट्टा डोळ्यांना दिसतो आणि कॉम्प्युटर म्हणतो ‘रिकामी डिस्क’. ती फायनलाइज केलेली नाही. रेकॉर्डरने शेवटचा सूचीचा भाग लिहिलाच नाही. ज्या रेकॉर्डरवर किंवा हँडीकॅमवर ती भरली तो अजून चालू असेल तर त्याच्या मेनूतून ‘फायनलाइज’ करा, आणि हँडीकॅम असेल तर चार्जर जोडूनच करा. मध्येच बॅटरी संपली तर डिस्क कायमची जाऊ शकते. यंत्र भंगारात गेलं असेल तर आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर अशा डिस्कमधून व्हीओबी (डीव्हीडीतल्या चित्रणाच्या फाईली) शोधून काढतं. त्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो, पण अशा डिस्कसाठी पैसे टाकण्यालायक तेच एक सॉफ्टवेअर आहे.

हँडीकॅमच्या छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्क (१.४ जीबी, साधारण प्रतीला अर्धा तास) फक्त ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घाला. तोंडातून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क अडकते, आणि मग ड्राइव्ह खोलण्याशिवाय इलाज नाही.

ड्राइव्ह आणि पुसणं

यूएसबीवरचा पातळ डीव्हीडी रायटर पुरतो. यूएसबी २.० असला तरी चालतो, कारण ८एक्स वेगालासुद्धा डीव्हीडी सेकंदाला ११ एमबीच्या आसपासच देते. हबला न लावता लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा. मोटर सुरू होताना त्याला जास्त करंट लागतो, हबवर तो कमी पडला की ड्राइव्ह मध्येच ‘गायब’ होतो आणि दोष डिस्कवर जातो. डेस्कटॉपमध्ये जुना साटा रायटर बसवता येत असेल तर तो पातळ ड्राइव्हपेक्षा हटकून चांगला वाचतो.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कपाटात राहिलेल्या डिस्कवर ओलीचे पांढुरके डाग येतात. हे डाग बहुधा वरवरचे असतात. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि जुनं मऊ सुती कापड घ्या, आणि मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नव्हे. डेटा गोलाकार लिहिलेला असतो, त्यामुळे गोल ओरखडा एकाच ओळीतले खूप सेक्टर एकदम खातो. आडवा ओरखडा थोडे थोडे खातो, ते दुरुस्तीच्या गणितात भरून निघतात. डिस्कवर स्टुडिओने चिकटवलेला कागदी फोटो-स्टिकर अर्धवट सुटला असेल तर ती फिरताना थडथडते. तो स्टिकर ओढून काढायच्या फंदात पडू नका, ड्राइव्हचा वेग कमी करून वाचा.

मेकएमकेव्ही: काय चांगलं, काय नाही

काम साधं आहे. डिस्क घाला, ओपन डिस्कचं मोठं चित्र दाबा, डावीकडे टायटलांची (डिस्कवरच्या स्वतंत्र तुकड्यांची) यादी येते, हवी ती टिकवा, उजवीकडे फोल्डर द्या, ‘मेक एमकेव्ही’ दाबा. पूर्ण भरलेली ४.७ जीबीची डिस्क (विंडोज ती ४.३८ दाखवतं) पातळ ड्राइव्हवर दहा-पंधरा मिनिटांत उतरते. मिळते ती फाईल मूळ एमपेग-२ चित्र आणि मूळ आवाज, बिटाचाही फरक नाही, फक्त डबा बदललेला. चॅप्टर असतील तर तेही येतात, म्हणजे ‘हळद’, ‘अक्षता’, ‘वरात’ अशा खुणा स्टुडिओने टाकल्या असतील तर त्या जागच्या जागी सापडतात.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल ते मुळातच टाकून देतं. सिनेमाच्या डिस्कवरच्या जाहिराती वगळायला ही सोय बरी, पण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीस-पन्नास सेकंदांचे तुकडेच जास्त असतात. बाळाचं पहिलं पाऊल दोन मिनिटं चालत नाही. खालच्या संदेशपट्टीत ‘स्किप्ड’ असं लिहून येतं, ते कोणी वाचत नाही, आणि मग ‘सॉफ्टवेअरने अर्धी डिस्कच घेतली’ म्हणून बोंब होते. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन किमान लांबी ० करा, मगच पहिली डिस्क लावा.

दुसरी: हे अजून बीटा अवस्थेत असल्यामुळे आवृत्ती जुनी झाली की चालायचं नाकारतं आणि नवी उतरवायला लावतं. नेट नसलेल्या गावात काम करायला बसलात आणि नेमकं त्या दिवशी हे झालं, तर दिवस वाया. निघण्याआधी उघडून बघा.

तिसरी: स्टुडिओच्या स्वस्त ऑथरिंग सॉफ्टवेअरने बनवलेल्या काही डिस्कची सूची सदोष असते, मेकएमकेव्ही ती वाचून अडखळतं. अशा वेळी आधी सगळी डिस्क इमगबर्न या सॉफ्टवेअरने आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाईल) करून घ्या आणि तो आयएसओ मेकएमकेव्हीला द्या. तरी नाही जमलं तर व्हीओबीच्या वाटेने जायचं.

व्हीओबीची वाट म्हणजे फोल्डरमधल्या फाईली सरळ कॉपी करणं, आणि बहुतेक लोक हेच आधी करतात. ती वाट चुकीची का, ते नीट समजून घ्या. डीव्हीडीत एक फाईल १ जीबीच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून दोन तासांचं लग्न चार-पाच व्हीओबीत चिरलेलं असतं. ही चीर आकार बघून पडते, प्रसंग बघून नव्हे. एमपेग-२मध्ये पूर्ण चित्र दर काही फ्रेमनी एकदा येतं, मधल्या फ्रेम फक्त बदल सांगतात. आपल्याकडच्या पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीत दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर जास्तीत जास्त १५ फ्रेम, म्हणजे ०.६ सेकंद. चीर बरोबर त्या मधल्या फ्रेमांत पडली तर पुढच्या फाईलच्या सुरुवातीचं चित्र बांधता येत नाही, एडिटर ते टाकून देतो, आवाज मात्र तसाच राहतो. एका सांध्याला अर्धा सेकंद गेला तरी चौथ्या सांध्यापर्यंत भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं यांची गाठ सुटलेली असते. त्यावर तोडगा म्हणून आवाज ओढून-ताणून बसवत बसणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय.

जायचंच त्या वाटेने, तर व्हीओबी टाइमलाइनवर वेगवेगळ्या टाकू नका. आधी एकमेकींना बाइट-बाइट जोडा. विंडोजच्या कॉपी कमांडला बायनरीचा स्लॅश-बी देऊन, शून्य क्रमांकाची (ती मेनूची असते) वगळून, एक-दोन-तीन अशा क्रमाने. स्लॅश-बी विसरलात तर जोडलेली फाईल अर्ध्यातच तुटू शकते.

कंगव्याच्या रेघा, आणि हँडब्रेकची खरी जागा

पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची बनलेली. एका क्षणाला विषम ओळी, त्यानंतर एक-पन्नासांश सेकंदाने सम ओळी. जुना डब्याचा टीव्ही हे अर्धे एकामागून एक दाखवायचा, म्हणून हालचाल लोण्यासारखी दिसायची. मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्ही अर्धे एकदम येतात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांना कंगव्याचे दात फुटतात.

यावर दोन इलाज. एक, दोन अर्ध्यांचा मिळून एकच फ्रेम करायचा: २५ फ्रेम राहतात, दात जातात, पण निम्मी हालचालही जाते. दुसरा, प्रत्येक अर्ध्याचा स्वतंत्र पूर्ण फ्रेम करायचा: सेकंदाला ५० फ्रेम, हालचाल मूळ टीव्हीवर होती तशी. मिरवणूक, कुस्ती, नाच असेल तर दुसराच घ्या. साहित्य संमेलनातलं भाषण, पूजा, हार-तुरे असतील तर पहिल्यानेही भागतं.

हँडब्रेकची जागा इथे आहे. डिस्कवर थेट नाही, मेकएमकेव्हीने काढलेल्या एमकेव्हीवर. डीफॉल्ट ‘फास्ट १०८०पी३०’ प्रीसेट मात्र या कामासाठी घातक आहे. नावातला ३० म्हणजे तो फ्रेमना ३०ची कमाल मर्यादा घालतो, ५०चं गणितच मोडतं. शिवाय फ्रेमरेट बदलता ठेवतो, ज्याने एडिटरमध्ये आवाज हळूहळू घसरतो. बदल करायचे ते असे. फिल्टरमध्ये डीइंटरलेस: नव्या आवृत्तीत बीडब्ल्यूडिफ, जुन्यात याडिफ, आणि दोन्हीत प्रीसेट ‘बॉब’ (वरचा दुसरा, ५० फ्रेमचा इलाज). इंटरलेस डिटेक्शन बंद, नाहीतर ज्या दृश्यात हालचाल कमी तिथे ते डीइंटरलेस टाळतं आणि मध्येच चित्राचा पोत बदलतो. व्हिडिओमध्ये एच.२६४, फ्रेमरेट ५०, आणि ‘कॉन्स्टंट’. दर्जाचा आरएफ आकडा मुळात बावीसच्या आसपास असतो, तो १६वर आणा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. फाईल मूळच्यापेक्षा मोठी झाली तर होऊ द्या, अजून तिच्यावर काम व्हायचंय. क्रॉपिंग ‘नन’, कारण ते आपोआप असलं की प्रत्येक क्लिपच्या कडा वेगळ्या कापल्या जातात आणि टाइमलाइनवर दोन क्लिप एका मापाच्या उरत नाहीत. आवाज एएसी २५६.

हे सगळं एकदा आपल्या नावाचा प्रीसेट म्हणून साठवा, पुढच्या चाळीस डिस्कना दोन क्लिकचं काम. एवढं केलं तर हँडब्रेकला चांगले गुण. डीफॉल्टवर ठेवलं तर, खरं सांगायचं, न वापरलेलं बरं.

चित्र हलताना एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असं थरथरत असेल तर फील्डचा, म्हणजे त्या दोन अर्ध्यांचा, क्रम उलटा आहे. डीव्हीडीत सहसा वरचा अर्धा आधी असतो, पण मिनी-डीव्ही कॅसेटवरून फायरवायरने घेतलेल्या चित्रणात खालचा आधी असतो. मिक्सिंगवाल्याने दोन्ही एकाच टाइमलाइनवर मिसळले आणि खूण एकच लावली, की हा प्रकार होतो. मीडियाइन्फो या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्कॅन ऑर्डर’ बघा. पण खूणच खोटी असेल तर तेही खोटंच सांगणार, शेवटी डोळ्यांवर भरवसा ठेवून क्रम हाताने उलटवायचा.

एक गोष्ट कधीही करू नका: डीइंटरलेस न करता चित्र मोठं करणं. ५७६ ओळी १०८० केल्या की कंगव्याचे दात चित्रात कायमचे शिजतात. ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाहीत.

एडिटरपाशी

शॉटकट एमकेव्ही, व्हीओबी, व्हीआरओ सगळं पोटात घेतं. क्लिप जड वाटली तर स्वतःच ‘एडिट-फ्रेंडली’ प्रत करून देऊ का विचारतं आणि तीन दर्जे पुढे ठेवतं. मधला घ्या. व्हिडिओ मोड एसडी पाल, किंवा चित्रण रुंद असेल तर वाइडस्क्रीन पाल. रुंद चित्रणात माणसं उंच-किडकिडीत दिसायला लागली तर प्रॉपर्टीजमध्ये ॲस्पेक्ट रेशो १६:९ करा. पाल डीव्हीडीतला ठिपका चौकोनी नसतो, ७२०चं चित्र ४:३ असेल तर ७६८ रुंदीचं आणि १६:९ असेल तर १०२४ रुंदीचं दाखवायचं असतं. व्हीएचएसवरून डीव्हीडी केलेली असेल तर तळाच्या आठ-दहा ओळी फाटक्या-वळवळत्या दिसतात, त्या कापून टाका. डब्याच्या टीव्हीत त्या चौकटीआड जात होत्या, म्हणून तेव्हा कोणाला दिसल्या नाहीत. शॉटकटची उणीव एवढीच, की ते स्वतः डीइंटरलेस करतं तेव्हा २५च फ्रेम ठेवतं. पन्नास हवेत तर वरची हँडब्रेकची पायरी आधी.

फक्त सुरुवात-शेवट छाटायचा असेल तर एडिटर उघडूच नका. लॉसलेसकट पुन्हा एन्कोड न करता कापतं. काप पूर्ण चित्रावरच बसतो, म्हणजे चूक फार तर ०.६ सेकंदाची.

दा विंची रिझॉल्व्ह रंगकामाला उत्तम, पण व्हीओबी आत घेत नाही. प्रीमियरमध्ये मेकएमकेव्हीची एमकेव्ही उघडेलच असं नाही. दोघांनाही आवाजाची आणखी एक अडचण येऊ शकते: डीव्हीडीचा आवाज बहुधा एसी-३ (डॉल्बीच्या पद्धतीने दाबलेला) असतो, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये त्याचा डीकोडर सोबत येत नाही. चित्र आलं, आवाज गुल, असं झालं तर डिस्कला दोष देऊ नका. शटर एन्कोडर घ्या, एमकेव्ही आत ओढा, प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचे जड पण सोपे प्रकार) निवडा, आवाज पीसीएम (न दाबलेला). ही फाईल दोन्हीकडे विनातक्रार उघडते आणि टाइमलाइनवर पुढे-मागे करताना अडखळत नाही. किंमत जागेची. प्रोरेस ४२२ला पाल मापात सेकंदाला ४१ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे १८ जीबी. तीन डिस्कचं सहा तासांचं लग्न ११० जीबीच्या घरात. काम संपलं की या फाईली पुसा, एमकेव्ही ठेवा. शटर एन्कोडरची मांडणी पहिल्यांदा बघताना गोंधळवणारी आहे, बटणांची नुसती जत्रा, पण या एका कामाला ते चुकत नाही.

ज्या स्टुडिओत एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर आहे त्यांना यातलं बरंचसं लागत नाही. त्याच्या सोर्स ब्राउझरमधून डीव्हीडी थेट उचलता येते आणि इंटरलेस्ड टाइमलाइन त्याला परकी नाही. शेवटचं एक्सपोर्ट यूट्यूबसाठी असेल तर तेवढं डीइंटरलेस करून, ४:३ चित्र असेल तर १४४० बाय १०८०, ५० फ्रेम असं काढा. यूट्यूब ५० फ्रेम फक्त ७२०पी आणि त्यावरच्या मापांना देतं, ५७६वर चढवलं तर कमावलेली हालचाल तिथे पुन्हा निम्मी होते. मोठं करताना रंगाचं गणित ६०१वरून (जुन्या एसडीचं) ७०९वर (एचडीचं) नीट बदललं पाहिजे. नाहीतर कुंकवाचा आणि शालूचा लाल किंचित विटका नाहीतर केशरी दिसतो. बघणाऱ्याला ‘काहीतरी चुकलंय’ एवढंच जाणवतं, काय ते सांगता येत नाही. मिक्सिंग करताना मूळ आवाजावर सिनेमाची गाणी घातलेली असतील तर ती वेगळी करता येणार नाहीत, यूट्यूब त्यावर हक्क सांगणार हे गृहीत धरा.

दुकानातून करून घ्यायचं तर

सगळ्यांना हे घरी जमणार नाही, वेळही नसतो. स्टुडिओची सेवा घ्यायची तर आधी दोन प्रश्न विचारा. ‘आयएसओ आणि जशीच्या तशी एमकेव्ही देणार का?’ आणि ‘डिस्क ड्राइव्हमध्ये घालून काढणार, की प्लेअरला लावून कॅप्चर करणार?’ प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या केबलीतून कॅप्चर म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग, पुन्हा डिजिटल. दोन तासांच्या डिस्कला दोन तास जातात आणि चित्र मळतं ते वेगळंच. ती वाट फक्त फायनलाइज न झालेल्या आणि एकाच जुन्या प्लेअरवर चालणाऱ्या डिस्कसाठी ठीक.

हातात आलेल्या फाईलचा आकार बघा. दोन तासांची डिस्क ४.४ जीबी, म्हणजे तासाला २.२. तुम्हाला तासाची ४०० एमबीची एमपी४ मिळाली असेल तर ती मोबाइलवर बघायला चालेल, एडिटिंगला नाही. ‘एचडी करून दिलंय’ याला काही अर्थ नाही, डिस्कमध्ये नव्हत्या त्या ओळी कुठून येणार? पेनड्राइव्ह देताना तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्या. फॅट-३२वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही, आणि मग दुकानदार ती बसवण्यासाठी पुन्हा दाबतो.

अडलेली डिस्क

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि कड आधी खराब होते. म्हणून लग्नाची डिस्क अडते ती नेहमी पाठवणीशी किंवा वरातीशी. मेकएमकेव्ही एखाद्या सेक्टरवर पाच-दहा मिनिटं घरघरत बसलं तर थांबवा, ड्राइव्हवर त्यात नाहक ताण येतो. अशा डिस्कला डीडीरेस्क्यू हे लिनक्सचं हत्यार आहे. ब्लॉकचं माप २०४८ द्यायचं, मॅपफाईल ठेवायला विसरायचं नाही. पहिल्या फेरीत ते चांगले सेक्टर झटपट उचलतं आणि खराब जागा मॅपमध्ये नोंदवून पुढे जातं. दुसऱ्या फेरीत फक्त त्या नोंदलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करायला सांगा. मग डिस्क काढा, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच मॅपफाईल देऊन तिसरी फेरी करा. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याच्या लेन्सला बऱ्याचदा दिसतात, शेजाऱ्याकडून जुना डेस्कटॉप मागून आणण्याचं कारण तेवढंच. मिळालेला आयएसओ मेकएमकेव्हीला द्या. जे सेक्टर शेवटपर्यंत आले नाहीत तिथे अर्धा-एक सेकंद चित्र चौकड्या होईल, तेवढा तुकडा टाइमलाइनवर कापून आवाज सलग ठेवा.